पाहुणीला दिलेली ताकीद

म्हैसूर हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दसऱ्यातला उजळलेला राजवाडा, चंदनाचा साबण, रेशमी साडी आणि तुपात न्हालेला म्हैसूरपाक एवढे सगळे एकदम उभे राहते. त्या यादीत भयाला कोठे जागा नाही. म्हैसूरकरांच्या मनातही ती नाही. म्हणूनच दूरदेशीचे एखादे सरकार आपल्या प्रवाशांसाठी भारताविषयी सावधगिरीचे पत्रक काढते, तेव्हा या शहराच्या ओसऱ्यांवर नाराजीचा सूर उमटल्यावाचून राहत नाही.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जून 2025 मध्ये असेच एक पत्रक काढले. त्या खात्याच्या रिवाजात देशांच्या धोक्याच्या चार पायऱ्या असतात; भारताला दुसरी पायरी मिळाली होती. गुन्हे आणि दहशतवाद यांमुळे अधिक सावध राहा, एकट्याने प्रवास करू नका, विशेषतः तुम्ही स्त्री असाल तर, असा त्याचा आशय होता. ज्या प्रदेशांची नावे त्यात घेतली होती त्यांत काश्मीर होते, पाकिस्तानची सरहद्द होती, नक्षलवाद्यांमुळे पूर्व महाराष्ट्रही होता. पण एकटीने हिंडू नये हे वाक्य साऱ्या देशाला लागू होते. म्हैसूरकर म्हणाला, हे दिल्लीला शोभेल. दिल्लीकर तरी ते मुकाट्याने आपल्या पदरात घेईल काय? तोही दुसऱ्या एखाद्या गावाकडे बोट दाखवील. आपले गाव सुरक्षित असते आणि धोका पुढल्या स्टेशनावर असतो, अशी प्रत्येक गावाची समजूत असते.

अशी पत्रके काढणारे केवळ परकेच असतात असेही नव्हे. सप्टेंबर 2023 मध्ये भारत सरकारने कॅनडातील आपल्या नागरिकांना आणि विद्यार्थ्यांना अत्यंत सावध राहण्याची सूचना केली, तेव्हा कॅनडाच्या मंत्र्यांनी आमचा देश सुरक्षित आहे असे लगोलग सांगितले. मुले तिकडे शिकावयास गेलेल्या पुण्यामुंबईच्या आईबापांना त्या सूचनेत कॅनडाचा अपमान दिसला नाही. त्यांनी रात्री फोन करून ती मुलांना वाचून दाखविली असेल.

आता म्हैसूरच्या उत्तर अंगास गोकुळम् नावाची जी शांत वस्ती आहे तिकडे वळू. येथे परदेशी पाहुण्यांची वर्दळ असते ती योगविद्येमुळे. पट्टाभि जोईस यांनी 1948 साली लक्ष्मीपुरम् भागातील आपल्या घरी योगाचे वर्ग सुरू केले. 1964 च्या सुमारास आंद्रे व्हान लिझबेथ नावाचा बेल्जियन गृहस्थ त्यांच्याकडे शिकून गेला, त्याने पुस्तकात त्यांचा उल्लेख केला, आणि पश्चिमेकडून शिष्यांची रीघ लागली. पुढे संस्था गोकुळमला आली. आज पहाटेच्या अंधारात तेथील रस्त्यांवर गुंडाळलेल्या सतरंज्या काखेला मारून चालणाऱ्या गोऱ्या स्त्रिया दिसतात, आणि दूधवाल्याला त्यांचे नवल वाटेनासे झाले आहे.

या स्त्रिया खोल्या घेऊन महिना महिना राहतात. परदेशी पाहुणा घरात उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची नोंद सरकारदरबारी करण्याची जबाबदारी घरमालकावर असते. तेव्हा पाहुण्यावर पहिली नजर कायद्यानेच घरमालकाची ठेवली आहे. दुसरी नजर घरमालकिणीची, ती कोणत्याही कायद्यात नाही. परदेशी सरकारांच्या पत्रकांवर सर्वांत जास्त चिडते ती हीच बाई. आमच्या गावात बायकांना काय झाले आहे, असे ती विचारते. आणि तेवढ्याच दमात भाडेकरणीला सांगू लागते : रिक्षात बसण्याआधी भाडे ठरव. देवराज बाजारात कोणी अत्तरे दाखवावयास मागच्या गल्लीत बोलावले तर जाऊ नको. राजवाडा आज बंद आहे असे एखाद्या अनोळख्याने सांगितले तर विश्वास ठेवू नको, तो तुला दुकानात नेईल. खांदे झाकून घे. चामुंडीच्या हजार पायऱ्या चढायच्या तर उजाडल्यावर चढ. आणि दिवे लागले की घरी ये, अम्मा.

ही यादी अमेरिकन पत्रकापेक्षा लांब आहे, हे तिच्या लक्षात येत नाही. तिच्या दृष्टीने ते दोन वेगळे प्रकार आहेत. पत्रक म्हणते, हा देश धोक्याचा आहे. ती म्हणते, ही गल्ली टाळ. पत्रकाला पत्ता नसतो, तिच्या ताकिदीला पत्ता असतो, वेळ असते, शिवाय ती न ऐकल्यास फाटकाशी वाट पाहणारे कोणी असते. म्हैसूरकरांना सूचनांचे वावडे नाही. 31 डिसेंबर 2024 रोजी शहराबाहेरच्या इन्फोसिसच्या विस्तीर्ण आवारात बिबट्या दिसला, तेव्हा शिकाऊ तरुणांना खोलीबाहेर पडू नका आणि इतरांना घरूनच काम करा असे सांगण्यात आले. त्या सूचनेने कोणाचाही अभिमान दुखावला नाही. बिबट्याची बदनामी झाली असेल तर तेवढीच.

पण माणसांच्या बाबतीत प्रश्न इतका सोपा राहत नाही, हे म्हैसूरने 2021 साली अनुभवले. 24 ऑगस्टच्या संध्याकाळी चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी एका विद्यार्थिनीवर सामूहिक अत्याचार झाला. तिच्या सोबत्याला मारहाण झाली. शहर हादरले. त्या वेळच्या गृहमंत्र्यांनी त्यांनी तेथे जावयास नको होते, असे उद्गार काढले आणि टीका होताच ते मागे घेतले. म्हैसूर विद्यापीठाने परिपत्रक काढले की, मानसगंगोत्रीच्या आवारात विद्यार्थिनींनी संध्याकाळी साडेसहानंतर एकट्याने फिरू नये, कुक्करहळ्ळीच्या तळ्याकडे जाऊ नये. मुलग्यांविषयी त्यात अक्षर नव्हते. मुली संतापल्या, गावही कुरकुरले, आणि काही दिवसांतच परिपत्रक मागे घ्यावे लागले.

त्या मुलींचा युक्तिवाद नीट ऐकला तर तो ओळखीचा वाटतो. अपराध एकाने करावयाचा आणि दाराला कडी दुसऱ्याने लावून घ्यावयाची, हा कोणता न्याय, असे त्या विचारीत होत्या. परदेशी पत्रकावर चिडणाऱ्या म्हैसूरकराच्या मनातही, चार नराधमांसाठी साऱ्या गावाला का धरता, हीच वेदना असते. फरक इतकाच की पत्रकात गाव आरोपी ठरते, तर परिपत्रकात मुलगी घरात कोंडली जाते. गाव आपली बाजू मांडू शकते. साडेसहाच्या आत घरात असलेल्या मुलीला ती मांडण्यासाठी आधी घराबाहेर पडावे लागते.

मग आला 2025 चा मार्च. याच राज्यात, हंपीजवळ कोप्पळ जिल्ह्यात, सणापूरच्या कालव्याकाठी रात्री तारे पाहावयास बसलेल्या पाहुण्यांवर हल्ला झाला. एक इस्रायली तरुणी आणि त्यांना घेऊन आलेली निवासगृहाची चालक स्त्री, दोघींवर अत्याचार झाले. सोबतच्या तिघा पुरुषांना पाण्यात ढकलण्यात आले. त्यांतला एक अमेरिकन होता, एक महाराष्ट्रातला. ओडिशाचा तिसरा बुडून मरण पावला. एकटीने हिंडू नका हा सल्ला तेथे कोणाच्या उपयोगी पडला असता? त्या पाच जण होत्या, आणि त्यांत यजमानीणही होती, जिच्या सांगण्यावर पाहुण्यांनी विसंबावे असे आपण म्हणतो तीच.

गोकुळमविषयीही एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. पट्टाभि जोईस 2009 मध्ये निवर्तले. त्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या अनेक परदेशी शिष्यांनी, योग शिकविताना त्यांनी आपल्या देहाशी केलेल्या वर्तनाबद्दल जाहीर तक्रारी केल्या. 2019 मध्ये त्यांचे नातू शरत जोईस यांनी जाहीर निवेदनात दुःख व्यक्त केले. या स्त्रियांना रिक्षावाल्यांपासून, अत्तरवाल्यांपासून, अंधाऱ्या पायऱ्यांपासून सावध केले गेले होते. गुरूच्या खोलीचा उल्लेख ना सरकारी पत्रकात होता ना घरमालकिणीच्या यादीत. तसा तो कोणी केला असता, तर याच वस्तीने त्याला उंबऱ्यावर उभे केले नसते.

घरमालकीण अजूनही पत्रकांवर चिडते. तिची स्वतःची मुलगी बंगळूरला नोकरीला असते आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीने म्हैसूरला येते. गाडीला उशीर झाला की बाई दर दहा मिनिटांनी फोन लावते, आणि मुलगी चिडून म्हणते, अम्मा, मी काय परदेशी पाहुणी आहे? त्या रात्री माडीवरची भाडेकरीणही अजून परतलेली नसते. बाई फाटकावरचा दिवा मालवीत नाही.