गेल्या वर्षीची चूक आणि प्रश्नपेटीतल्या चिठ्ठ्या

(गणेशोत्सवातील ‘प्रश्नपेटी’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी रुळांची देखभाल करणारा रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर. साहित्याचा अभ्यासक वगैरे नाही. तरीही मंडपाच्या दाराशी ठेवलेली प्रश्नपेटी कार्यकारिणीने माझ्या गळ्यात बांधली. कारण काय, तर माझ्या क्वार्टरमध्ये मराठी शब्दकोश आहे! दिल्ली-अंबाला पट्ट्यात एवढे भांडवल पुरते.

पेटीत तुम्ही टाकता ते प्रश्न साधारण एकाच जातीचे असतात. ‘आजी एक म्हण म्हणायची, तिचा अर्थ काय?’ किंवा ‘लहानपणी एक गोष्ट ऐकली होती, अर्धी आठवते, पुढचे सांगा.’ यंदाच्या तीन चिठ्ठ्या मी घेतल्या आहेत. दोन लवकर आटोपतो, कारण तिसरीत माझाच हिशेब चुकता करायचा आहे.

पहिली चिठ्ठी : ‘बादरायण संबंध म्हणजे काय? बादरायण ऋषींशी त्याचे नाते काय?’ ऋषींचे नाव तेच असले तरी या गोष्टीत ते येत नाहीत. बदरी म्हणजे बोरीचे झाड. एक पाहुणा बैलगाडी घेऊन एका घरी येऊन उतरला. यजमानाने चांगले जेवूखाऊ घातले. घरच्यांना वाटले, यांचा कोणी असेल. शेवटी यजमानाने भीतभीत विचारले, ‘आपले नाते कसे लागते?’ पाहुणा म्हणाला, ‘असे कसे विचारता? तुमच्या दारात बोरीचे झाड आहे आणि माझ्या गाडीचे चाक बोरीच्या लाकडाचे आहे!’ ओढूनताणून जोडलेले नाते म्हणजे बादरायण संबंध. बदलीच्या गावी उतरल्यावर ‘तुम्ही साताऱ्याचे? माझ्या मेव्हण्याचे शेजारी साताऱ्याचेच!’ असे म्हणत आपण सगळ्यांनीच कधी ना कधी हे चाक फिरवले आहे. त्या चाकावरच आपले मंडळ उभे आहे.

दुसरी चिठ्ठी : ‘ध चा मा खरेच झाला का?’ हा प्रश्न गणपतीतच यावा हे योग्य आहे, कारण ती घटना गणेशोत्सवाच्याच दिवसांतली. 30 ऑगस्ट 1773 रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. गोष्ट अशी सांगतात, की राघोबादादांच्या हुकुमात ‘धरावे’ होते, आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी ठरवले, हा इतिहास आहे. पण अक्षर बदलणारा हात आनंदीबाईंचाच होता, हे गोष्टीत जितके ठाम आहे तितके इतिहासात नाही. म्हणून मुलांना सांगताना ‘अशी गोष्ट सांगतात’ हे तीन शब्द पुढे जोडावेत. हे तीन शब्द गेल्या वर्षी मी स्वतः विसरलो, आणि तीच आजची तिसरी चिठ्ठी.

गेल्या वर्षी कोणीतरी विचारले होते, ‘संक्रांत कोसळणे हा शब्दप्रयोग कुठून आला?’ मी याच व्यासपीठावरून छातीठोकपणे सांगितले, की पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ला झाली, त्या दिवशी संक्रांत होती, मराठ्यांवर आपत्ती कोसळली, म्हणून संक्रांत कोसळली असे म्हणतात. टाळ्याही पडल्या. आपण राहतो तिथून पानिपत इतके जवळ, की टाळ्या पडणारच.

यंदा पेटीत वहीचा फाडलेला कागद निघाला. आपल्याच एका सहकाऱ्याच्या नववीतल्या मुलीचा. तिने लिहिले होते, ‘काका, तुम्ही सांगितले ते मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत सांगितले. परीक्षकांनी विचारले, 1761 मध्ये संक्रांत 14 जानेवारीलाच होती हे कशावरून? मला उत्तर आले नाही. होती का?’

मला खरे म्हणजे घाम फुटला. मी कधी तपासलेच नव्हते. लहानपणी वडिलांकडून ऐकले, ते पुढे ढकलले. रुळाचे माप दुसऱ्याच्या तोंडी भरवशावर मी कधी घेतले नाही. स्वतः गेज लावल्याशिवाय सही करत नाही. इथे मात्र न मोजता सही केली, आणि उभे राहून ओशाळायची पाळी त्या पोरीवर आली.

मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. सूर्य मकर राशीत जातो ती संक्रांत. आपले पंचांग राशी ताऱ्यांवरून मोजते. ताऱ्यांच्या हिशेबाने वर्ष साधारण 365.2564 दिवसांचे भरते आणि इंग्रजी कॅलेंडरचे सरासरी वर्ष 365.2425 दिवसांचे. फरक वर्षाला फक्त वीस मिनिटांचा. पण वीस-वीस मिनिटे साठत जाऊन सुमारे 72 वर्षांत एक दिवस होतो. आमच्यातल्या पी-वेवाल्यांना हे लगेच कळेल, कारण हा कॅलेंडरचा क्रीप आहे. गाड्यांखाली रूळ इतका हळू सरकतो की डोळ्यांना दिसत नाही. शेजारी रोवलेल्या क्रीप पोस्टवरची खूण पाहिली की कळते, किती सरकला.

मला अशी एखादी जुनी खूण हवी होती. ती घरातच सापडली. मुलाच्या शाळेच्या डायरीत 12 जानेवारी, राष्ट्रीय युवा दिन, म्हणजे स्वामी विवेकानंदांचा जन्मदिवस. स्वामीजी जन्मले 12 जानेवारी 1863 रोजी, आणि त्यांच्या चरित्रांत लिहिलेले असते की तो मकर संक्रांतीचा दिवस होता! म्हणजे 1863 मध्ये संक्रांत 12 तारखेला होती. पानिपत त्याच्याही 102 वर्षे आधीचे. आणखी दीड दिवस मागे जा. 1761 ची संक्रांत दहा-अकरा जानेवारीच्या सुमारास येते. लढाई झाली तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस उलटून गेले होते.

मग ‘संक्रांत कोसळणे’ कुठून आले? त्यासाठी लढाईची गरजच नाही. संक्रांत ही देवी मानतात. दरवर्षी पंचांगात तिचे वाहन, वस्त्र, हातातले शस्त्र, ती कुठून येते आणि कुठे पाहते, हे सगळे छापलेले असते. ती ज्यावर स्वार होते, जिकडे पाहते, त्याचे काही खरे नाही, अशी जुनी समजूत. ‘यंदा संक्रांत कशावर आहे?’ असे आजीच्या तोंडून आपण ऐकले आहेच. ज्याच्यावर संकट आले, त्याच्यावर संक्रांत आली, हे इतके सरळ आहे.

यावर आमच्या ऑफिसातले एक हरियाणवी सहकारी, जे मूळ पानिपतचेच आहेत आणि आज समोर बसले आहेत, मला म्हणाले, ‘साहब, आप लोग हर नुकसान को पानिपत क्यों कहते हो? हमारे लिए तो वो घर है.’ त्यांचे म्हणणे अगदी खरे आहे. त्यांना पानिपत म्हटले की हातमागाच्या चादरी, घोंगड्या आणि लोणचे आठवते. आपल्याला आठवतो विशीही न गाठलेला विश्वासराव. ‘विश्वास पानिपतच्या लढाईत गेला’ असे म्हणून आपण आजही उधारी नाकारतो, पण त्या विनोदाच्या तळाशी एका बापाचे दुःख आहे. नानासाहेब पेशवे त्यानंतर सहा महिनेही जगले नाहीत, 23 जून 1761 ला गेले. तारीख संक्रांतीची नव्हती म्हणून ते दुःख एका गुंजेनेही कमी होत नाही. लढाई मोठी होण्यासाठी तिला सणाची जोड लागत नाही. ती जोड आपण नंतर दिली. बादरायण संबंध म्हणतात तो हाच!

तेव्हा बाळ, तू समोर बसली आहेस. काकांची चूक झाली. तुझे परीक्षक बरोबर होते, आणि त्यांचा प्रश्न गिळून न टाकता तो लिहून पेटीत टाकलास, म्हणून तूही बरोबर होतीस. हा हिशेबाचा कागद तुझ्यासाठी आणला आहे. स्वतः पुन्हा करून बघ, आकडा चुकला असेल तर पुढच्या वर्षी इथे येऊन सांग.

पुढच्या वर्षासाठी एकच विनंती. चिठ्ठीत फक्त प्रश्न लिहू नका. गोष्ट तुम्हाला जशी आठवते तशी, अर्धी असली तरी लिहा, आणि कोणाकडून, कोणत्या गावी ऐकली तेही लिहा. आपण मुलखापासून इतके लांब आहोत, की आपल्या आजीची म्हण दुसऱ्या कोणाच्या तरी आजीकडूनच पुरी होणार आहे. आणि मी चुकलो तर टाळ्या वाजवू नका, हात वर करा.

गणपती बाप्पा मोरया!