बांबूची तलवार

दिल्लीच्या चित्रपटरसिकांचा परदेशी चित्रपटांशी परिचय तसा जुना आहे. 1950 नंतरच्या दशकात येथे दिल्ली फिल्म सोसायटी उभी राहिली. तिच्या उभारणीत विजया मुळे या मराठी विदुषींचा मोठा वाटा होता. 1959 मध्ये फिल्म सोसायट्यांचा अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. सत्यजित राय त्याचे अध्यक्ष झाले आणि संस्थापकांत मुळे होत्याच. बाजारात न येणारे चित्रपट दूतावासांकडून मिळवावयाचे आणि सभासदांना दाखवावयाचे, असा या संस्थांचा क्रम असे. पुढे 1977 च्या आरंभी दिल्लीत आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला, तेव्हा अकिरा कुरोसावा स्वतः भारतात आले. राय आणि अंतोनिओनी यांच्यासह ताजमहालापाशी घेतलेले त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. एवढे असूनही ‘सामुराई चित्रपट’ म्हटले की सर्वसाधारण प्रेक्षकाच्या कानांत घुमतो तो तलवारींचा खणखणाट. हा ग्रह समजण्याजोगा आहे. पण अपुरा आहे.

सामुराई हा शब्द ज्या जुन्या जपानी क्रियापदापासून आला, त्याचा अर्थ ‘जवळ राहून सेवा करणे’ असा होतो. मराठीत त्याचे भाषांतर सर्रास ‘योद्धा’ असे केले जाते. ‘चाकर’ म्हटले तर ऐकणारा दचकेल; तथापि तो मूळ अर्थाच्या अधिक जवळ जाईल. 1603 ते 1868 या तोकुगावा राजवटीत जपानने दीर्घ शांतता अनुभवली. युद्धे थांबली, तसे सामुराई कोठारे सांभाळू लागले, खातेवह्या लिहू लागले. त्यांचे वेतन ‘कोकू’ या तांदळाच्या मापात मोजले जाई. एक कोकू म्हणजे एका माणसाचे वर्षभराचे अन्न. ज्या राजधानीत एवढी माणसे सरकारी चाकरीवर संसार करतात, तेथे या मंडळींची विवंचना फार समजावून सांगावी लागू नये.

विचारी सामुराई चित्रपटांचा खरा विषय हाच आहे. केंजी मिझोगुची यांचे उदाहरण घ्यावे. धन्याच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या सत्तेचाळीस सेवकांची कथा जपानमध्ये घरोघरी ठाऊक आहे. 1941-42 मध्ये, ऐन युद्धकाळात, तिच्यावर दोन भागांचा चित्रपट निघाला, तो लष्करी सत्तेला प्रजेचे मनोधैर्य वाढवावयाचे होते म्हणून. मिझोगुचींनी सूडाचा हल्लाच पडद्यावर आणला नाही. तो कळतो तो धन्याच्या विधवेपुढे वाचल्या जाणाऱ्या पत्रातून. ज्या प्रसंगासाठी प्रेक्षक तिकीट काढतो, तोच गाळण्याचे हे धैर्य असामान्य होय.

मासाकी कोबायाशी यांचा ‘हाराकिरी’ (1962) याहून कठोर आहे. कोबायाशी स्वतः दुसऱ्या महायुद्धात सैनिक होते, आणि त्यांनी साध्या शिपायाच्या वरची बढती नाकारली होती, हे येथे लक्षात ठेवावे. कथा 1630 ची. धन्याचे घराणे मोडले, सेवक निराधार झाले. (1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर शिलेदारांवर ओढवलेली स्थिती मराठी वाचकाला येथे आठवेल.) असे काही बेकार सामुराई बड्या सरदारांच्या दारी येत, ‘आपल्या अंगणात सन्मानाने पोट चिरून मरू द्यावे’ अशी विनंती करीत, आणि चार नाणी घेऊन परत जात. ईई घराण्याचा कारभारी ठरवतो की हा प्रकार बंद करावयाचा. मोतोमे नावाच्या तरुणाला तो खरोखरच मरावयास लावतो. त्या तरुणाने बायकोमुलाच्या आजारपणापायी आपली पाती विकलेली असतात. म्यानात असतो बांबू. त्या बांबूनेच त्याला पोट चिरावे लागते. हा प्रसंग पाहवत नाही. पण दिग्दर्शकाचा रोख रक्तावर नसून, नियमाकडे बोट दाखवून शांतपणे पाहत बसलेल्या माणसांवर आहे. मोतोमेचा सासरा पुढे त्याच अंगणात येतो आणि बराच वेळ केवळ बोलतो. शस्त्रे उपसली जातात ती अखेरीस. नंतर घराण्याच्या दप्तरात काय लिहिले जाते? मेलेल्या सेवकांपुढे आजाराची नोंद! दप्तरे चाळणाऱ्या इतिहासकारांनी हा चित्रपट अवश्य पाहावा.

बांबूची तलवार पुढे योजी यामादा यांच्या 2002 च्या चित्रपटात पुन्हा भेटते. त्याचा नायक सेइबेई हा पन्नास कोकूंचा कोठारातला कारकून. बायको क्षयाने गेली आहे, आई विस्मृतीने ग्रासली आहे, दोन लहान मुली आहेत. दिवस मावळताच तो सोबत्यांबरोबर मद्य पिण्यास न जाता घरी जातो, म्हणून कचेरीत त्याचे नाव ‘सांजवेळ’ पडले आहे. रात्री तो किड्यांचे पिंजरे करून विकतो. त्याला एका बंडखोर सामुराईला मारण्याची आज्ञा होते. दोघे समोरासमोर बसतात आणि गोष्टी निघतात त्या मेलेल्या बायकामुलांच्या. सेइबेईने आपली लांब तलवार विकल्याचे कळताच तो बंडखोर संतापतो. बांबू घेऊन आपल्याला मारावयास आला, हा त्याला अपमान वाटतो. मग लढाई होते, ती अंधाऱ्या, ठेंगण्या घरात. त्या बंडखोराचे पाते तुळईत अडकते.

सेइबेई वाचतो, त्याचा दुसरा विवाह होतो. तीन वर्षेही सरत नाहीत तोच राजवट कोसळते, आणि तो युद्धात बंदुकीच्या गोळीने मरतो. ही सारी हकीकत त्याची धाकटी मुलगी म्हातारपणी सांगते. लोक बापाला दुर्दैवी म्हणतात, ते तिला मान्य नाही.