आधी यादी पाहा, मग पैसे भरा



खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा ठिकाणांहून तुम्ही आलात. अनेकांचं शिक्षण मराठीत किंवा उर्दूत झालंय. इंग्रजी पक्की करायला परदेशात जावं, असं काहींच्या मनात आहे. त्यात गैर काहीच नाही. पण पैसा येतो कुठून? सोयाबीन विकून, अम्मीचे दागिने मोडून. म्हणून चूक परवडणारी नाही.

एजंट सांगतो, "आमची शाळा मान्यताप्राप्त आहे." तुम्ही विचारा, मान्यता कुणाची? ब्रिटनमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या संस्थांची तपासणी ब्रिटिश कौन्सिल करते. मान्यताप्राप्त संस्थांची यादी आणि तपासणीचे अहवाल इंटरनेटवर फुकट वाचता येतात. शिकवणं कसं आहे, विद्यार्थ्यांची काळजी कशी घेतात, हे त्यात असतं. कॅनडासाठी 'लँग्वेजेस कॅनडा' या संघटनेची यादी पाहा, ऑस्ट्रेलियासाठी 'क्रिकोस' ही सरकारी नोंदवही. एजंटच्या मोबाइलवर नको, स्वतःच्या मोबाइलवर उघडा.

व्हिसाही समजून घ्या. ब्रिटनचा 6 ते 11 महिन्यांच्या इंग्रजी अभ्यासक्रमाचा व्हिसा मान्यताप्राप्त संस्थेसाठीच मिळतो. त्यावर काम करता येत नाही, मुदतही वाढवता येत नाही. हा व्हिसा देताना "तिथे कमवून फी भर" असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा.

पण नुसत्या यादीवरही विसंबू नका. 2019 मध्ये अमेरिकेत फार्मिंग्टन विद्यापीठाचं प्रकरण उघड झालं. ते विद्यापीठच खोटं होतं. तिथल्या इमिग्रेशन खात्याने सापळा म्हणून काढलेलं. मान्यतेच्या यादीत नाव होतं, पण वर्ग नव्हते, शिक्षक नव्हते. सुरुवातीला ताब्यात घेतलेल्या 130 विद्यार्थ्यांत 129 भारतीय होते.

तेव्हा शाळेलाच ईमेल करा. आठवड्याला किती तास? वर्गात किती जण? शिक्षकांची पात्रता काय? व्हिसा नाकारला तर फी किती परत मिळेल? उत्तरं लेखी घ्या.

शेवटचं एक. आपल्या मोहल्ल्यात एक मुलगा फसला, तर नुकसान त्याच्या घरापुरतं राहत नाही. त्याचं नाव सांगून कितीतरी मुलींना घरी बसवलं जातं. तुम्ही केलेली नीट चौकशी तुमच्या धाकट्या बहिणीची वाट मोकळी करते. आज घरी गेल्यावर अब्बा-अम्मींसोबत बसून ती यादी उघडा.