टू-पाउंडर: जुनी तोफ आज, की नवी तोफ उद्या?

आज बोलू रणगाडाविरोधी छोट्या तोफांबद्दल.

१९३० च्या दशकात रणगाड्यांचं चिलखत पातळ होतं, त्यामुळे ब्रिटिशांची ४० मि.मी.ची टू-पाउंडर पुरायची. पण १९४१ मध्ये जर्मन पँझर-३ चं पुढचं चिलखत ३० वरून ५० मि.मी. झालं. तोफ मात्र तीच.

का? ५७ मि.मी.च्या सिक्स-पाउंडरचं डिझाइन तर तयार होतं. पण १९४० मध्ये माघार घेताना शेकडो टू-पाउंडर फ्रान्समध्येच राहिल्या. जर्मन कधीही चढाई करतील अशी भीती. मग कारखाने नव्या तोफेसाठी थांबवायचे, की जुनीच भराभर काढायची? त्यांनी जुनी काढली.

किंमत मोजली उत्तर आफ्रिकेतल्या जवानांनी. उघड्या वाळवंटात रणगाडा जवळ येईपर्यंत थांबायचं, आणि तो लांबूनच स्फोटक गोळे टाकणार. यांच्याकडे फक्त ठोस गोळा! सिक्स-पाउंडर लढाईत उतरली मे १९४२ मध्ये, गझालाला.

पुढे इटलीत ८व्या भारतीय डिव्हिजनमध्ये मराठा अँटी-टँक रेजिमेंटही होती. म्हणजे हा प्रश्न आपल्याही माणसांच्या जिवाचा होता.

माझं मत सांगतो. रिकाम्या हातापेक्षा जुनी तोफ बरी, तो निर्णय पटतो. पण स्फोटक गोळा द्यायला नवी तोफ कुठे लागत होती? नवं व्हर्जन येईपर्यंत जुन्यातली दुरुस्ती थांबवायची नसते, भाऊ.

तुम्हाला काय वाटतं? नक्की कळवा.