ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा आणि आपली मुले
(नारायणगडाच्या परिसरातील एका विहारात दिलेले व्याख्यान)



नारायणगडास बीड जिल्ह्यातील लोक धाकटी पंढरी म्हणतात. वारीच्या दिवसांत गडाच्या वाटेवर माणसांची रीघ लागते. मी आज आपणांस ज्या वाटेविषयी सांगावयास आलो आहे ती याच्या अगदी उलट, ओस पडलेली आहे. आपला एखादा मुलगा किंवा मुलगी तिच्यावर चालू लागली, तर पुढचा मुक्काम कोणता हे विचारावयासही वाटेत माणूस भेटत नाही. विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकविणारा प्राध्यापक होण्याची ती वाट होय.

आपल्यापैकी काही जण मनात म्हणत असतील की, डॉक्टर, वकील, कलेक्टर हे सोडून या गृहस्थाने हे काय काढले? ग्रंथपाल म्हणजे कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारा आणि पुस्तकांवरील धूळ झटकणारा मनुष्य, अशी आपली समजूत आहे. मग त्या ग्रंथपालांस शिकविणारा मनुष्य तरी आपणांस कोठून मोठा वाटणार? ही समजूत चुकीची कशी, हे मी एका उदाहरणाने सांगतो.

बाबासाहेबांचे ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ हे इंग्रजी पुस्तक 1936 साली प्रसिद्ध झाले. ते ग्रंथालयात आले की, कोणत्या कपाटात ठेवावयाचे? हिंदुधर्माच्या कपाटात, की समाजशास्त्राच्या? जगातील असंख्य ग्रंथालयांत मेल्विल ड्यूई या अमेरिकन गृहस्थाची दशांश पद्धती चालते. तीत 200 पासून 299 पर्यंतचे आकडे धर्मास दिलेले आहेत. त्यांपैकी 220 ते 289 एवढी मोठी जागा एकट्या ख्रिस्ती धर्माने व्यापली आहे. जगातील बाकी सारे धर्म 290 च्या दहा घरांत दाटीने बसविले आहेत. त्यात 294.3 हा बौद्ध धर्माचा आकडा, आणि 294.5 हा हिंदु धर्माचा. सामाजिक वर्गांचा विचार करणारी पुस्तके 305.5 खाली जातात. तेव्हा ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ 294.5 वर ठेवले, तर ते एका धर्मातील अंतर्गत वादाचे पुस्तक ठरते, 305.5 वर ठेवले, तर माणसामाणसांतील विषमतेचे पुस्तक ठरते. 1957 साली, बाबासाहेबांच्या पश्चात प्रसिद्ध झालेला ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ 294.3 वर जावा हे उघड आहे. पण उघड असलेल्या गोष्टीही कोणी तरी करावी लागते. हा आकडा पुस्तकाच्या पाठीवर लिहिणारा ग्रंथपाल असतो, आणि त्याने तो कसा ठरवावा, हे वर्गात त्याला कोणी तरी शिकविलेले असते. एक प्राध्यापक तीस वर्षे शिकवील, तर त्याच्या हाताखालून शेकडो ग्रंथपाल जिल्ह्याजिल्ह्यांतून जातील. ती खुर्ची लहान नव्हे.

आपल्या देशात डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी या शास्त्राचा पाया घातला. ते मूळचे गणिताचे अध्यापक. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा त्यांस या विषयाचे कोणतेही शिक्षण नव्हते. ते घेण्यासाठी ते लंडनला गेले, आणि परत येऊन 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतील दुसरा नियम असा की, प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे. ज्यांच्या पूर्वजांस अक्षर शिकण्याची बंदी होती, त्यांस या नियमाचा अर्थ निराळा समजावून द्यावयास नको. रंगनाथनांच्या द्विबिंदू पद्धतीत बौद्ध धर्मास स्वतःचे घर आहे. त्याची खूण ‘क्यू 4’ अशी.

ड्यूईविषयी आणखी थोडे सांगतो, कारण त्या मनुष्याच्या चरित्रात आपल्यासाठी विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. 1887 साली त्याने न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात जगातील पहिली ग्रंथालयशाळा उघडली. स्त्रियांस प्रवेश देण्यास तेथील विश्वस्तांचा विरोध होता. त्याने तो जुमानला नाही; पहिल्या वर्गातील वीसांपैकी सतरा विद्यार्थी स्त्रियाच होत्या. 1889 साली ती शाळा ऑल्बनीस हलली. पुढे ज्या कोलंबियात 1913 साली आपले बाबासाहेब शिकावयास गेले, तीच ही संस्था. परंतु याच ड्यूईने स्वतःच्या क्लबात ज्यू आणि निग्रो लोकांस मज्जाव केला होता. त्याविरुद्ध तक्रार झाली, आणि 1905 साली त्याने न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथपालाचे पद सोडले. स्त्रियांशी त्याची वागणूकही निंद्य होती. 2019 साली अमेरिकन ग्रंथालय संघाने आपल्या पदकावरून त्याचे नाव काढून टाकले. जगातील सर्व ग्रंथांस जागा देणारा मनुष्य माणसांस दाराबाहेर ठेवीत होता. हे मी त्याची निंदा करण्यासाठी सांगत नाही. शास्त्र हे ते चालविणाऱ्या माणसांहून शुद्ध नसते, एवढे आपणांस कळावे म्हणून सांगतो.

आपल्या इकडेही तसाच विरोधाभास घडला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1910 साली बोर्डेन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून गावोगाव ग्रंथालये पसरविली, आणि 1911 मध्ये तेथे ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग निघाला. त्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब परदेशी गेले. आणि 1917 साली त्याच बडोद्यात नोकरीस परतल्यावर त्यांस राहावयास बिऱ्हाड मिळाले नाही. त्या शहरात पुस्तकांस घर होते.

आपला मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादेस महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले. मराठवाडा विद्यापीठ 1958 साली निघाले. त्यास बाबासाहेबांचे नाव मिळण्यास 1994 चा जानेवारी उजाडला, आणि त्यासाठी काय सोसावे लागले ते इथल्या वडीलधाऱ्यांस मी सांगावयास नको. नाव मिळाले. आता त्या दारातून आत जाऊन शिकविणाऱ्यांत आपले किती, हा प्रश्न राहतो.

येथे राखीव जागांचा हिशेब समजून घेतला पाहिजे, कारण ग्रंथालयशास्त्रासारख्या लहान विभागातच तो आपणांस फसवितो. केंद्रीय विद्यापीठांत अनुसूचित जातींस शंभरांत पंधरा जागा आहेत. पंधराने शंभरास भागिले तर सहाच्या वर जाते; म्हणून बिंदुनामावलीत आपली पहिली जागा सातव्या क्रमांकावर येते. संपूर्ण विद्यापीठ एक धरून मोजले, तर सातवी, पंधरावी, विसावी अशा जागा येत राहतात. पण 2017 साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने प्रत्येक विभाग वेगळा मोजावा असा निर्णय दिला, आणि मार्च 2018 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसा आदेश काढला. आता समजा, एखाद्या विभागात एक प्राध्यापक, दोन सहयोगी आणि चार सहायक प्राध्यापक आहेत. प्रत्येक पदाची मोजणी वेगळी. सातवा क्रमांक कोठे येणार? कायदा पुस्तकात राहिला असता आणि जागा कधीच निघाली नसती. देशभर त्याविरुद्ध आंदोलन झाले. 2019 साली प्रथम अध्यादेश आणि मग संसदेचा कायदा होऊन विद्यापीठ हेच एकक ठरले. महाराष्ट्रानेही 2021 चा तशाच नावाचा, शिक्षक संवर्गातील आरक्षणाचा कायदा केला. राज्यात आपला वाटा शंभरांत तेरा आहे. हे सर्व ध्यानात ठेवा. जाहिरात वाचताना प्रथम खालची तारीख न पाहता जागांचा तक्ता पाहावा, ही सवय मुलांस लावा.

मात्र जागा निघाली म्हणजे ती भरली असे नव्हे. कित्येक पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात आणि तासिका तत्त्वावरील तरुणांकडून काम भागविले जाते. सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन सातव्या आयोगानुसार 57,700 रुपयांपासून सुरू होते. तासिकेवर राबणाऱ्यास सुट्टीच्या महिन्यात चूल कशी पेटवावी याची चिंता असते. मी स्वतः तो काळ काढला आहे. एकदा मुलाखतीस गेलो, तेव्हा मंडळातील एकाने विषयाचा प्रश्न न विचारता माझ्या आडनावाचे मूळ गाव विचारले. ते कोणते विद्यापीठ, ते सांगण्यात अर्थ नाही. अर्थ यात आहे की, 2018 च्या नियमांप्रमाणे आपल्या प्रवर्गाचा उमेदवार असेल आणि मंडळात त्या प्रवर्गाचा कोणी नसेल, तर कुलगुरूंनी तसा एक विद्वान नेमलाच पाहिजे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आपल्या मुलांस ठाऊक असावे.

पात्रतेची गोष्ट आपण समजता तेवढी अवघड नाही. कोणत्याही शाखेचा पदवीधर ग्रंथालयशास्त्राकडे वळू शकतो. कला शाखेत शिकलेल्या खेड्यातील मुलीसही दार उघडे आहे. नोकरी करीत शिकावयाचे असेल, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. पुढे पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के लागतात, आपणांस 50. आणि मग ‘नेट’ अथवा राज्याची ‘सेट’ उत्तीर्ण व्हावे लागते. मध्यंतरी विद्यापीठाच्या विभागांत पीएच.डी.ची सक्ती येणार होती. जुलै 2023 पासून ती उठली. संशोधनाची पदवी जरूर घ्यावी, पण ती नाही म्हणून अर्ज करू नये, असे कोणी सांगितले तर ऐकू नये.

शेवटी दाखल्याविषयी, कारण धर्मांतरित कुटुंबांची अडचण येथेच होते. महाराष्ट्राने आपणांस सवलती आधीच दिल्या होत्या. केंद्रात त्या 1990 च्या दुरुस्तीने मिळाल्या. पण कित्येक घरांत शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ लिहिलेले असते. केंद्राच्या जागेसाठी मूळ अनुसूचित जातीचे नाव आणि धर्मांतर, या दोहोंचा उल्लेख असलेला जातीचा दाखला लागतो. राज्यातील जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्रही लागते, आणि ते मिळावयास महिने जातात. जाहिरात निघाल्यावर धावपळ करून ते हाती येत नाही. म्हणून आजोबांचे, चुलत्यांचे जुने शाळेचे उतारे, महसुली नोंदी, जे काही पत्र्याच्या पेटीत असेल, ते या आठवड्यातच बाहेर काढून ठेवा. ‘नेट’ बहुधा जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते, शेवटच्या वर्षात असलेल्यांसही बसता येते, आणि अर्जात ग्रंथालय व माहितीशास्त्राचा विषय क्रमांक 59 आहे. ज्यांना अर्ज भरण्यास मदत हवी असेल, त्यांनी व्याख्यान संपल्यावर कागद घेऊन माझ्याकडे यावे. मी संध्याकाळच्या गाडीपर्यंत येथेच आहे.