अंगण वाकडं आहेच, मग पुढे?



‘नाचता येईना, अंगण वाकडं’ ही म्हण आपल्या घराघरांत आहे आणि ती बहुतेक वेळा मुलांच्याच अंगावर फेकली जाते. मुलगा म्हणाला, पेपर अवघड होता, की वडिलांनी म्हण काढलीच. मला या म्हणीबद्दल जरा तक्रार आहे. पुष्कळदा अंगण खरोखरच वाकडं असतं. माण-खटावच्या, जत-आटपाडीच्या शेतकऱ्याने पाऊस कमी पडतो म्हटलं, तर त्याला कुणी सबब म्हणू नये. एसटी वेळेवर येत नाही, घरात अभ्यासाला वेगळी खोली नाही, इंग्रजीचा पाया कच्चा राहिलाय, बहिणीच्या लग्नाचं कर्ज अजून फिटलेलं नाही. यातलं काहीही खोटं नाही. समुपदेशनाच्या कामात माझ्यासमोर बसणारी माणसं सहसा खोटं बोलत नाहीत. ती खरी कारणं सांगतात आणि घोटाळा तिथेच होतो. खोटी सबब चार दिवसांत उघडी पडते. खरं कारण मात्र आयुष्यभर पुरतं.

म्हणून ‘कारणं सांगू नका’ असा उपदेश मी आज करणार नाही. कारण जरूर सांगा. फक्त ते सांगून झाल्यावर गप्प बसू नका, ‘मग उद्या सकाळी मी काय करणार’ हेही लगेच सांगा.

कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं उदाहरण भाषणांतून इतकं दिलं गेलंय की ते गुळगुळीत झालंय. तरी ते पुन्हा देतो, कारण बहुधा ते अर्धंच सांगितलं जातं. १९४८ साली खाशाबा लंडनच्या ऑलिम्पिकला गेले तेव्हा त्यांचं अंग तांबड्या मातीत मुरलेलं होतं. तिथली कुस्ती गादीवरची, नियम निराळे, गुण द्यायची रीत निराळी. फ्लायवेट गटात ते सहावे आले. घरी येऊन ‘गादीची सवय नव्हती’ एवढं म्हणाले असते, तरी अख्ख्या तालुक्याने मान डोलावली असती. वाक्य शंभर टक्के खरं होतं. खाशाबांनी पुढची चार वर्षं त्याच गादीच्या कुस्तीवर खर्ची घातली आणि १९५२ साली वरच्या, म्हणजे बँटमवेट गटात हेलसिंकीला उतरले.

तिथवर पोचणंही सरळ नव्हतं. निवडीत वाद झाला, दाद मागावी लागली. प्रवासाला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य! हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीई याच्याशी दमछाक करणारी कुस्ती झाली, खाशाबा ती हरले. आणि पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. मध्ये विसावा मिळायला हवा, असं सांगायला आपल्या पथकातला कुणी अधिकारी जवळ नव्हता. ती कुस्तीही गेली. तरी आधीच्या विजयांच्या जोरावर कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यानंतरचं वैयक्तिक पदक थेट १९९६ मध्ये आलं, लिअँडर पेसचं.

यातली जिद्द खाशाबांची, पण तिकीट गावाचं आणि खर्डेकर सरांचं. राहून जाणारा अर्धा भाग हाच. आपल्याकडची कितीतरी हुशार पोरं ‘घरची परिस्थिती नाही’ म्हणून थांबतात. त्यांना विचारावं, ‘कुणाकडे मागितलंस का?’ तर मान खाली जाते. मागायची लाज वाटते. परिस्थिती खरी असते, पण मागून न पाहता थांबणं हा निर्णय आपलाच असतो, आणि तो परिस्थितीच्या नावावर खपवला जातो.

आता माणूस असं का करतो, याकडे वळू. १९७८ साली अमेरिकेत स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक गमतीचा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. काहींना सुटणारी, काहींना उत्तरच नसलेली. नंतर सगळ्यांना सांगितलं, वा, फार छान जमलं तुम्हाला! ज्यांची कोडी सुटणारी नव्हती ते मनातून चरकले. आपण तर अंदाजाने ठोकलं होतं, आता पुन्हा परीक्षा घेतली तर पितळ उघडं पडणार. पुढच्या चाचणीआधी सर्वांपुढे दोन औषधांचा पर्याय ठेवला. एकाने म्हणे डोकं तल्लख होतं, दुसऱ्याने मंद होतं. आणि या चरकलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी, विशेषतः मुलग्यांनी, डोकं मंद करणारं औषध मागून घेतलं! का? तर नापास झालो तरी दोष औषधाचा, माझ्या हुशारीला धक्का नाही.

आपल्याकडे तसलं औषध मिळत नाही. पण मोबाईल मिळतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गावची जत्रा असते, मावसभावाच्या हळदीला डीजे असतो. ‘रात्री दोनपर्यंत जागलो, म्हणून पेपर गेला’ हे सांगायला सोपं. ‘सगळा अभ्यास करून गेलो आणि तरीही जमलं नाही’ हे सांगायला छाती लागते. त्यामुळे एक साधी परीक्षा स्वतःची स्वतः घ्या. कारण कधी सुचलं? काम फसल्यावर सुचलं असेल तर त्यात शिकण्यासारखं काही असू शकतं. काम हातात घेण्याआधीच तयार असेल, तर त्या कारणाकडे जरा संशयाने बघा.

बरं, ध्येय तरी नीट ठरवलेलं असतं का? साताऱ्याजवळ अपशिंगे आहे, पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसं धाडणारं गाव. लोक त्याला मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. तिथेच कशाला, आपल्या सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पहाटे कुठल्याही रस्त्याला निघा, भरतीची पोरं पळताना दिसतात. एखाद्याला थांबवून विचारा, काय चाललंय? ‘भरतीची प्रॅक्टिस चालू आहे की!’ सोळाशे मीटरला आज किती वेळ लागला? ‘घड्याळ लावलं नव्हतं.’ मागच्या महिन्यात किती लागत होता? गप्प. आता या पोराच्या मेहनतीत काही खोट नाही. पण पोलीस भरतीच्या मैदानावर त्याची मेहनत कुणी मोजणार नाही, त्याचे सेकंद मोजणार आहेत, आणि त्याने स्वतः ते कधी मोजलेलेच नाहीत.

वेटलिफ्टिंगमध्ये ही पळवाटच नसते, लोखंड किती उचललं ते सगळ्यांसमोर असतं. सांगलीचा संकेत सरगर वडिलांच्या पान-चहाच्या टपरीवर हातभार लावत या खेळात वर आला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने एकूण २४८ किलो वजन उचललं. सुवर्ण गेलं २४९ किलोला. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात त्याचं कोपर दुखावलं होतं, तरी तिसऱ्या प्रयत्नाला तो उभा राहिला. दुखावलेल्या हाताने उभं राहावं की नाही, हे डॉक्टरांनी सांगायचं. त्याचं अनुकरण करा असं मी म्हणत नाही. मला त्यातला तो एक किलो महत्त्वाचा वाटतो. कुठे कमी पडलो ते आकड्यात कळलं की पुढचा सराव कशाचा करायचा तेही कळतं. ‘नशीब नव्हतं’ म्हटलं की काहीच कळत नाही.

भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलीने मला तिची वही दाखवली होती. साधी दुरेघी वही, पट्टीने आखलेले रकाने. तारीख, आठशे मीटरची वेळ, गोळा किती लांब गेला, रात्री किती झोपले. आणि अगदी उजवीकडे एक अरुंद रकाना, वर लिहिलेलं : ‘का नाही’. ज्या दिवशी सराव बुडाला त्या दिवशी तिथे एकच शब्द. पाऊस. पाय दुखतो. कंटाळा. पाहुणे. पाहुणे. पाहुणे. तिने ‘कंटाळा’ हा शब्दही प्रामाणिकपणे लिहिला होता, हे मला फार आवडलं. महिनाअखेरीला तो रकाना वरून खाली वाचल्यावर तिच्या ध्यानात आलं की पाऊस दोनदाच आडवा आलाय, खरी अडचण संध्याकाळी येणाऱ्या पाहुण्यांची आहे. कारण चहा तिनेच ठेवायचा असतो, भावाने नाही. यावर तिने घरात भांडण काढलं नाही, सराव पहाटेवर नेला. भांडण काढलं असतं तरी माझी हरकत नव्हती, ती बाजू वेगळ्या भाषणाची आहे. पण कारणं अशी कागदावर उतरली की त्यांचा उपयोग होतो. तोंडाने सांगितलेली हवेत विरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी होऊन येतात.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली एका लेखात मांडलेली गोष्ट इथे चपखल बसते. नुसतं ‘मी रोज अभ्यास करीन’ असं ठरवणाऱ्यांपेक्षा ‘अमुक झालं तर मी तमुक करीन’ असं वेळ-जागेसकट ठरवणाऱ्यांच्या हातून ते काम होण्याची शक्यता बरीच जास्त असते. संध्याकाळी पाहुणे आले तर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पळायचं. वीज गेली तर त्या वेळेत तोंडी उजळणी करायची. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागायतदाराला यात नवीन काही वाटणार नाही. त्याला बागेचं विचारा, तो महिना सांगत नाही, छाटणीपासूनचा दिवस सांगतो : ‘प्लॉट पंचेचाळीस दिवसांचा झालाय.’ पोंगा कधी, फुलोरा कधी, विरळणी कधी, सगळा हिशेब दिवसावर. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी येऊ शकतो, डावणी रोग पडू शकतो, हे तो धरूनच चालतो आणि फवारणीची तयारी आधी करून ठेवतो. तरीही एखाद्या वर्षी बाग जातेच. तेव्हा त्याला कुणी ‘कारणं सांगतोस’ म्हणू नये. हाच माणूस पोराच्या अभ्यासाबाबत मात्र ‘बघू, करतोय तो’ एवढ्यावर भागवतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

आता शेवटचा आणि सगळ्यांत अवघड प्रश्न. किती दिवस नेट लावायचा? ध्येय बदललं तर ती माघार समजायची का? किर्लोस्करवाडीचे लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकार व्हायला गेले होते. तिथे कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. आता रंगांधळेपणावर जिद्दीचा इलाज चालत नाही. त्यांनी रंगकाम सोडलं, पण रेखाटनाचा हात सोडला नाही. यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. पुढे १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर केला, तर तो कुणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा पक्का समज. पहिला नांगर खपायला दोनएक वर्षं गेली म्हणतात. इथे मात्र लक्ष्मणराव हटले नाहीत. कारण ही अडचण डोळ्यांतली नव्हती, गिऱ्हाइकाच्या मनातली होती, आणि ती शेतात नांगर चालवून दाखवल्यावर हलणारी होती. १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी कारखाना उभा केला.

तोच नांगर विकत गावोगाव फिरलेल्यांमध्ये भाऊराव पाटील होते. नांगर विकता विकता त्यांना खेड्यातली निरक्षरता जवळून दिसली. ‘गरिबी आहे, पोराला शिकवणार कसं?’ या कारणाला त्यांनी नावं ठेवली नाहीत. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. त्यातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ‘कमवा आणि शिका’ हे त्या एका कारणाला दिलेलं उत्तरच होतं.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुला-मुलींसाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी यातून काय घ्यायचं? थांबायची तारीख सुरुवातीलाच ठरवा, निकालाच्या दुःखात ठरवू नका. किती वर्षं, किती प्रयत्न, घरातले किती पैसे, हे कागदावर लिहा आणि घरातल्या एका तरी माणसाला दाखवा. त्या तारखेनंतर काय करणार, तेही खाली लिहा : पदवीवर नोकरी, गावातला धंदा, आयटीआय, जे असेल ते. ती तारीख आली आणि यश आलं नाही, तर लिहिलेल्या दुसऱ्या वाटेला लागायचं, मान ताठ ठेवून. त्याला माघार म्हणायचा अधिकार शेजाऱ्यांना नाही. आणि आई-वडिलांनीही एक पथ्य पाळायचं. एकदा तारीख मान्य केली, की तोवर दर रविवारी फोन करून ‘काय रे, झालं का काही?’ असं विचारायचं नाही, आणि मुलीच्या स्थळांच्या गोष्टीही मध्येच काढायच्या नाहीत.