शस्त्रक्रियेआधीची ती चिठ्ठी कोणासाठी?

(स्त्री-आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी तुमच्यापुढे उभी आहे ती थोडीशी आरोपीसारखी. मी मानसशास्त्रज्ञ आहे. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेऊ इच्छिणाऱ्यांची मनाची तपासणी करायची आणि ‘शस्त्रक्रियेस मानसिकदृष्ट्या योग्य’ अशी चिठ्ठी द्यायची, हा माझ्या कामाचा एक भाग. माझ्यासमोर येऊन बसतात त्यांत बायका जास्त. अमेरिकेतही ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या दर पाच जणांत सुमारे चार बायका असतात.

आधी शस्त्रक्रियेबद्दल थोडं. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढून टाकतात. ‘बायपास’मध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे जोडतात. त्यानंतर जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या आल्याच. मी या शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. मधुमेह आटोक्यात आलेल्या, रात्री श्वास न अडकता झोपू लागलेल्या, जिना चढू लागलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. माझा प्रश्न आहे तो त्या चिठ्ठीबद्दल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. चाळिशीच्या एक बाई आल्या. सोबत नवरा आणि सासूबाई. मी विचारायचं बाईंना आणि उत्तर यायचं सासूबाईंकडून. ‘भूक कशी आहे?’ ‘अहो, दिवसभर तोंड चालू असतं हिचं!’ ‘झोप?’ ‘झोपेला काय कमी?’ बाई मान खाली घालून नुसत्या हसत होत्या. त्या दोघांना बाहेर बसा म्हणून मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. दाराबाहेर आणखी पाच जण ताटकळत होते. मी प्रश्नावली पुढे केली. ‘पूर्वी मानसिक आजारासाठी औषध घेतलं आहे का?’ यापुढे त्यांनी ‘नाही’वर खूण केली. मी चिठ्ठी दिली.

बायपास झाला. वजन उतरलं, साखर उतरली. आठ महिन्यांनी त्या एकट्या आल्या. रात्ररात्र डोळ्याला डोळा नाही, जीव नकोसा झालेला. तेव्हा कळलं, चार वर्षं त्या नैराश्यावरच्या गोळ्या घेत होत्या. माहेरच्या डॉक्टरांकडून, सासरी कोणाला कळू न देता. बायपासनंतर काही औषधं अंगात पूर्वीसारखी शोषली जात नाहीत. पोटात हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत तर विशेष जपावं लागतं. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कारण गोळ्या चालू आहेत हेच कोणाला ठाऊक नव्हतं. मी विचारलं, ‘मला का नाही सांगितलंत?’ म्हणाल्या, ‘मॅडम, तुम्ही नापास केलं असतं. आणि सासूबाई समोर होत्या.’

औषध बदलून, नियमित भेटी ठेवून त्या सावरल्या. पण तो ‘नापास’ शब्द माझ्या मनातून गेला नाही. जी तपासणी बाईच्या मदतीसाठी, ती तिला परीक्षा वाटत होती. आणि परीक्षा म्हटली की माणूस खरं बोलत नाही, पास होईल असं बोलतो.

ही तपासणी आली कुठून? १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या शस्त्रक्रियांवर तज्ज्ञांची परिषद घेतली. तिथे ठरलं की रुग्णाची पारख एकट्या सर्जनने करू नये. शल्यचिकित्सा, आहार आणि मानसोपचार जाणणाऱ्यांनी मिळून करावी. हेतू चांगला होता. पुढे तिथल्या विमा कंपन्या मानसतज्ज्ञाचं पत्र मागू लागल्या आणि त्या हेतूचा दाखला झाला. आपल्याकडेही बऱ्याच रुग्णालयांत हा शिरस्ता आहे. फाईलमध्ये हृदयाचा अहवाल, छातीचा अहवाल, तसाच मनाचा. एका भेटीत उरकायचा.

आमच्या प्रश्नावल्यांचंही पाहा. नैराश्य मोजण्याच्या नेहमीच्या प्रश्नावल्यांत थकवा येतो का, झोप नीट लागते का, भूक बदलली का, असे प्रश्न असतात. शंभर किलो वजनाची, गुडघे दुखणारी, झोपेत श्वास अडकणारी बाई यांना काय उत्तर देणार? तिचे गुण वाढतात ते अंगाच्या त्रासाने, आणि शेरा मात्र मनावर बसतो.

बरं, नैराश्य असलं म्हणून शस्त्रक्रिया नाकारावी का? २०१६ साली अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र तपासून लिहिलेला लेख आला. शस्त्रक्रियेआधी नैराश्य असणाऱ्यांचं वजन नंतर कमी उतरतं, असं त्यातून खात्रीने दिसलं नाही. म्हणजे ‘डिप्रेशन आहे, हिला उपयोग होणार नाही’ हे म्हणणं टिकत नाही. पण याच्या आदल्याच वर्षी, त्याच संघटनेच्या शल्यचिकित्सेच्या नियतकालिकाने कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या ८,८१५ रुग्णांचा अभ्यास पुढे आणला होता. स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीने रुग्णालयात आणावं लागण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेआधीच्या तीन वर्षांपेक्षा नंतरच्या तीन वर्षांत सुमारे दीडपट झालं. तरीही असं घडलेल्या रुग्णांची एकूण संख्या लहानच होती. पण त्यांतल्या बहुतेकांना आधीपासून मानसिक आजार होता. बायपासनंतर दुसऱ्या वर्षी दारूचा त्रास वाढतो, हेही २०१२ च्या एका अभ्यासाने दाखवलं आहे.

हे सगळं एकत्र ठेवून पाहा. मनाची काळजी घेण्याची गरज शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षं असते. आम्ही मात्र सगळा पहारा पुढच्या दाराशी ठेवतो. आणि तिथे भीती दाखवून ज्यांना आजार लपवायला लावतो, त्यांनाच पुढे मदतीची सर्वांत जास्त गरज असते.

आता बायकांचा म्हणून वेगळा प्रश्न. पुरुष येतो तो मधुमेहाचं, गुडघ्यांचं सांगत. बाई तेही सांगते, पण मागून हळूच येतं: ‘लग्न जमत नाही’, ‘मूल होत नाही’, ‘हे म्हणतात, तुला बरोबर न्यायची लाज वाटते’. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते, दिवसही लवकर राहू शकतात. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळायला सांगतात. शिवाय बायपासनंतर संततिनियमनाच्या गोळ्यांवर विसंबून चालत नाही, दुसरं साधन लागतं. ज्या घरात मुलासाठीच शस्त्रक्रिया ठरली आहे, त्या घरात ही दीड वर्षं बाईला कोण देणार? हे तपासणीच्या खोलीत बोलायचं नाही, तर कुठे बोलायचं?

मग तपासणी बंदच करा, असं मी म्हणते का? नाही. एक मुलगी आली होती, बावीस वर्षांची. आईवडील दोघेही बरोबर. स्थळं येऊन परत जात होती. या वेळी मी आईवडिलांना बाहेर बसवलं. दार लागल्यावर ती पाच मिनिटं रडली आणि म्हणाली, ‘मला नाही करायचं. पण मी नाही म्हणू शकत नाही.’ मी लिहिलं, ‘सध्या शस्त्रक्रिया करू नये, रुग्णाची स्वतःची तयारी नाही.’ त्या कागदाच्या आडोशाला ती उभी राहू शकली. आत्महत्येचे विचार डोक्यात घोळत असतील, दारू सुटत नसेल, खाल्लेलं मुद्दाम ओकून टाकण्याची सवय असेल, तर आधी उपचार आणि मग शस्त्रक्रिया, हेही खरंच. पण हे ‘आत्ता नको’ आहे, ‘कधीच नको’ नाही. आणि ते तिच्याशी बोलून ठरवायचं आहे.

कायदा आपल्या बाजूला आहे. दिल्लीतल्या एका स्त्रीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये सांगितलं की सज्ञान स्त्री स्वतः संमती देण्याजोगी असताना तिच्याऐवजी आईने दिलेली संमती चालणार नाही. तिथे आईची चालली नाही, मग नवऱ्याची आणि सासूची कशी चालेल? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा आणि आपल्या उपचारांच्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरूनच कोणाला आज मानसिक रुग्ण ठरवता येत नाही, हेही त्यात आहे.

म्हणून तुमच्यापैकी कोणी, किंवा तुमची बहीण, शेजारीण अशा तपासणीला जाणार असेल, तर चार गोष्टी मागा. एक, मी एकटीच बोलणार, घरचे बाहेर बसतील. दोन, मी सांगितलेलं कोणाकोणाला कळणार, हे आधी सांगा. तीन, अहवालाची प्रत मला द्या आणि नकार असेल तर त्याचं कारण आणि पुढचा रस्ता लिहून द्या. चार, शस्त्रक्रियेनंतर निदान दोन वर्षं मला मानसतज्ज्ञाकडे येता आलं पाहिजे, त्याची सोय आत्ताच सांगा. आणि एक गोष्ट द्या: चालू असलेल्या गोळ्यांची खरी यादी. झोपेच्या, नैराश्याच्या, सगळ्या. ती लपवली तर धोका तुमच्याच जिवाला आहे.

माझ्या धंद्यातल्या बहिणींना मी एवढंच सांगेन: आधी दार लावा, मग प्रश्न विचारा. मी आता ‘तुम्हाला पास-नापास करायला मी बसलेली नाही’ या वाक्याने सुरुवात करते. त्याने वेळ जास्त लागतो. बाहेरची रांग वाढते, सर्जनचा फोन येतो. येऊ दे. चिठ्ठी फाईलसाठी नाही, बाईसाठी आहे.